उलट्या, संडास आणि रक्त : परदेशी सिनेमांतले हे प्रसंग कथेला खरंच लागतात का?

उंबरझरा

(सूचना : कथानकं बिनदिक्कत फोडली आहेत. आणि जेवताना वाचू नका.)

रुबेन ओस्टलुंड या स्वीडिश दिग्दर्शकाच्या 'ट्रँगल ऑफ सॅडनेस'ला २०२२ साली कानच्या चित्रपट महोत्सवात पाम दोर हे सर्वोच्च पारितोषिक मिळालं. तेव्हापासून या सिनेमाचा विषय निघाला की गाडी एकाच जेवणावर येऊन अडते. अब्जाधीशांची यॉट, बाहेर वादळ, आत कॅप्टनचं शाही जेवण. बोट डुलतेय, ताटांत समुद्रातलं काहीबाही थलथलतंय आणि एकेक पाहुणा ओकायला लागतो. वेटर मात्र हसतमुखाने पुढचा पदार्थ आणतायत, ग्लास भरतायत. मग संडास तुंबून उलटे वाहू लागतात आणि मैलापाणी बोटभर पसरतं. एक बाई बाथरूमच्या फरशीवर बोटीबरोबर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घसरत राहते. दहा-पंधरा मिनिटं हेच. वर लाउडस्पीकरवर दारूने तर्र झालेला कॅप्टन आणि खताच्या धंद्यात गब्बर झालेला एक रशियन एकमेकांवर मार्क्स आणि रेगनची वचनं फेकतायत.

निम्म्या लोकांना हे चावट पोरकटपणाचं वाटतं. मला वाटत नाही, आणि त्याचं कारण त्या प्रसंगाच्या मागेपुढे आहे. आधी त्या रशियनाच्या बायकोला समतेचा झटका येतो. आपण सगळे सारखेच, तेव्हा बोटीवरच्या यच्चयावत नोकरांनी कामं टाकून समुद्रात डुबकी मारलीच पाहिजे, असा हट्ट. स्वयंपाकघरातून सांगतात की माल खराब होईल. ऐकतं कोण? रात्री फरशीवर घसरणारी बाई ती हीच! म्हणजे ती ओकारी आभाळातून पडलेली नाही, तिची ऑर्डर दिलेली आहे.

आणि पुढे? बोट बुडते, काहीजण एका बेटावर लागतात. तिथे मासे धरता येणारी, जाळ पेटवता येणारी एकच व्यक्ती : ॲबिगेल. बोटीवर ती संडास साफ करणाऱ्यांतली होती. बेटावर ती सांगते, इथे कॅप्टन मी. डॉली दे लिऑन या फिलिपिनो नटीने ते काम असं केलंय की नंतर दुसरं कुणी आठवत नाही. आदल्या रात्रीचे ते संडास डोळ्यांपुढे नसते, तर या उलथापालथीला काय वजन राहिलं असतं?

तर माझी कसोटी सरळ आहे : नंतर पुसतं कोण? ती घाण कुणाच्या हाताला लागणार हे ज्या सिनेमाला माहीत असतं, त्यातला प्रसंग कथेचा. ज्याला माहीत नसतं, त्यातला प्रेक्षकाला दचकवायचा. तुमची उदाहरणं द्या. उलट बाजूचीही चालतील.

तिखटमीठवाला

जेवतानाच वाचला. शेवटचे दोन घास राहिले. पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).

फिरता पंखा

असहमत. तुमची कसोटी चांगली आहे, पण ती दिग्दर्शकाला फार स्वस्तात सोडते. पुढे झाडू मारणारी बाई दाखवली की मागे कितीही घाण करायची मुभा?

हिचकॉकचा 'सायको' घ्या, १९६०. न्हाणीघरातल्या खुनात चाकू अंगात घुसताना जवळपास दिसतच नाही, रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलंय, तेही कृष्णधवल. तरी आंघोळीला जाताना कडी तपासणारी पिढी त्याने तयार केली. त्याच सिनेमात संडास फ्लश होताना दाखवला म्हणून तेव्हा अमेरिकेत भुवया उंचावल्या होत्या. आणि तो फ्लश कथेला किती लागतो बघा : बाईने चोरलेल्या पैशांचा हिशेब लिहिलेला कागद फाडून त्यात टाकलेला असतो, त्याचा एक कपटा मागे राहतो आणि ती इथे येऊन गेल्याचा पुरावा होतो. एक कपटा! याला म्हणतात काटकसर.

हल्ली उलटं झालंय. किळस हीच जाहिरात. ज्युलिया द्युकुर्नोचा 'रॉ' २०१६ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात दाखवला तेव्हा प्रेक्षकांना भोवळ आली, वैद्यकीय मदत बोलवावी लागली, आणि ती बातमीच पोस्टरपेक्षा जास्त फिरली. पुढे २०२१ मध्ये तिच्याच 'तितान'ला पाम दोर, त्याच्या पुढच्या वर्षी तुमची ही यॉट. युरोपातल्या परीक्षकांना आता पोटात ढवळल्याशिवाय कला पोचत नाही बहुतेक.

मेथीची जुडी

@फिरता पंखा, 'रॉ' पाहिलाय का तुम्ही, की बातमीच वाचलीय? :)

कट्टर शाकाहारी घरातली मुलगी पशुवैद्यकाच्या कॉलेजात जाते. रॅगिंगमध्ये तिला सशाचं कच्चं मूत्रपिंड खायला लावतात. तिथून अंगावर पुरळ आणि मग मांसाची भूक. होस्टेलला राहिलेल्या कुणालाही कळेल की नवीन जागी सगळ्यांसारखं होण्यासाठी माणूस काय काय गिळतो. त्यातला पुरळ खाजवण्याचा प्रसंग मला पुढच्या बोट खाण्याच्या प्रसंगापेक्षा जास्त लागला, कारण बोट कुणी खात नाही, खाजवतो सगळेच. दिग्दर्शिकेचे आईवडील दोघेही डॉक्टर, त्वचेकडे बघण्याची ती सवय घरातूनच आली असणार.

रात्रपाळी

मी वॉर्डात काम करते. त्यामुळे ओकारी, लघवी, रक्त याने मला काही होत नाही, पण सिनेमातलं खोटं लगेच दिसतं. सिनेमात माणूस ओकतो आणि कट. आमच्याकडे तिथून काम सुरू होतं.

'आमूर' कुणी कसा काढला नाही अजून? मिखाएल हानेकेचा, २०१२. पॅरिसच्या फ्लॅटमधलं ऐंशी ओलांडलेलं जोडपं, दोघंही संगीत शिकवायचे. तिला झटका येतो, उजवी बाजू जाते. एके सकाळी तिच्या लक्षात येतं की अंथरूण ओलं झालंय. हानेके ओली चादर नाकाशी आणून दाखवत नाही. ती चाकाच्या खुर्चीवर बसून तिथून पळायला बघते, नवऱ्यापासून, स्वतःपासून. एमान्युएल रिवाने त्या वेळी जो चेहरा केलाय तो मी कामावर खूपदा पाहिलाय. निवृत्त हेडबाई, बँकेतले साहेब, सगळ्यांचा तोच. माणूस दुखण्याला तेवढा घाबरत नाही, जेवढा आपल्या खालची चादर दुसऱ्याने बदलण्याला.

आणि मग नर्स नवऱ्याला लंगोट बदलायला शिकवते तो प्रसंग. बघताना लोक चुळबुळतात. पण ते काम तसंच असतं हो. पेशंटला एका कुशीवर वळवायचं, ओली चादर आणि मॅकिंटॉश (खालची रबरी चादर) पाठीलगत गुंडाळत न्यायचं, त्याच्या कडेला कोरडी चादर खोचायची, मग त्या उंचवट्यावरून दुसऱ्या कुशीवर घ्यायचं आणि पलीकडून ओढून काढायचं. एक हात कायम खांद्यावर, नाहीतर पेशंटला पडल्यासारखं वाटतं. नवी मुलगी आली की ती चादरीकडे बघते, जुनी पेशंटकडे. त्या सिनेमात दुसरी एक नर्स आहे, ती आजीचे केस खसाखसा विंचरते आणि वर आरसा धरते, बघा कशा छान दिसताय. म्हातारा तिला पैसे देऊन हाकलतो. रक्ताचा थेंब नाही, घाण नाही, पण मला पूर्ण सिनेमात सगळ्यांत अश्लील तो कंगवा वाटला.

उंबरझरा यांच्या प्रश्नाला उत्तर : इथे पुसतो तो नवराच. आणि पुसून पुसून तोही संपतो. ती पाणी प्यायला नकार देते, तोंडातलं बाहेर टाकते, तेव्हा तो तिला थप्पड मारतो. लंगोट आणि ओली चादर न दाखवता ती थप्पड दाखवली असती तर आपण त्याला राक्षस म्हणालो असतो.

उंबरझरा

@रात्रपाळी, धागा वसूल.

पाऊसवेडी_पुणे

+१. ताई, यावर वेगळा लेख लिहा ना.

फिरता पंखा

'आमूर'बद्दल मान्य. पण तो माझ्या बाजूचा साक्षीदार आहे, तुमच्या नाही. तिथे जे दाखवलंय त्यापेक्षा आवरलंय जास्त.

बुखारेस्ट-बोरिवली

आवरणं आणि दाखवणं दोन्ही एकाच सिनेमात हवं असेल तर क्रिस्तियान मुन्जिऊचा 'फोर मन्थ्स, थ्री वीक्स अँड टू डेज'. २००७ चं पाम दोर.

थोडी पार्श्वभूमी. रोमानियात हुकूमशहा चाउशेस्कूने १९६६ मध्ये हुकूम काढून गर्भपातावर जवळपास संपूर्ण बंदी घातली. लोकसंख्या वाढवायची होती. बायका चोरून गर्भपात करून घेत आणि त्यात हजारोंनी मेल्या. डिसेंबर १९८९ मध्ये राजवट कोसळल्यावर नव्या सरकारने लगोलग जे रद्द केलं त्यात हा हुकूम होता. सिनेमा घडतो १९८७ मध्ये : होस्टेलवरच्या दोन मैत्रिणी, एक हॉटेलची खोली आणि पैशांबरोबर आणखीही काही वसूल करणारा एक माणूस.

शेवटाकडे कॅमेरा बाथरूमच्या फरशीवर टॉवेलात पडलेला गर्भ दाखवतो. सरळ. संगीत नाही, झटकन जवळ जाणं नाही. अनेकांनी तेव्हा विचारलं, हे गरजेचं होतं का? माझ्या मते याहून गरजेचं त्या सिनेमात काहीच नाही. तोवर सगळेजण त्या गोष्टीचं नाव टाळून भाव करत असतात : खोली किती, सिगारेट किती, दिवस किती भरले. त्या सगळ्या घासाघिशीनंतर ती वस्तू समोर येते आणि आता तिची विल्हेवाट लावायची आहे. मैत्रीण ती पिशवीत घालून रात्री अंधाऱ्या गल्ल्यांतून फिरते आणि एका इमारतीच्या कचऱ्याच्या नळीत टाकते. तो क्षण दाखवला नसता तर पुढची पायपीट म्हणजे नुसता थरारपट झाला असता. गर्भपाताच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघांनीही त्या दृश्यावर आपापला हक्क सांगितलाय, यावरून काय ते समजा.

पण आता फिरता पंखा खूश होतील असं एक. त्या सिनेमातला सगळ्यांत असह्य प्रसंग तो नव्हेच. मधेच त्या मैत्रिणीला मित्राच्या आईच्या वाढदिवसाला जावं लागतं. टेबलाभोवती डॉक्टर मंडळी कोंबलेली, बटाटे कसे शिजवावेत आणि हल्लीची मुलं कशी बिघडली यावर गप्पा. ती मधोमध बसलीय, कॅमेरा हलत नाही, आत कुठेतरी फोन वाजतोय आणि कुणी उचलत नाही. तिकडे हॉटेलात मैत्रीण मेलीय की जिवंत, पत्ता नाही. घाण शून्य, पण माझा श्वास तिथे अडकला होता.

कानसेन_धाकटा

आवाजाचं कुणीच बोलत नाहीये, म्हणून आलो.

डॅनी बॉयलचा '१२७ अवर्स', २०१०. ॲरन रॅल्स्टन हा गिर्यारोहक २००३ मध्ये युटातल्या एका घळीत अडकला होता, हातावर दगड आला होता. शेवटी त्याने स्वतःचा हात स्वतः कापला. सगळ्यांना शेवट आधीच माहीत, मग घाबरवायचं कशाने? बॉयल घाबरवतो कानाने. आधी हाड मोडण्याचा आवाज, मग तो बोथट चाकू जेव्हा नसेला लागतो तेव्हा एक विजेसारखा किरकिरता आवाज येतो. दृश्यावर डोळे मिटता येतात, कान कसे मिटणार? रहमानचं संगीत आणि हा आवाज यांची सरमिसळ अशी आहे की एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो कळत नाही. हा प्रसंग कथेला लागतो का, हा प्रश्न इथे निकालातच निघतो, कारण कथाच ती आहे. न दाखवता 'माणूस अडकला, मग सुटला' एवढंच उरलं असतं.

गल्ली नंबर चार

बॉयलचा विषय निघालाच आहे तर 'स्लमडॉग' (२००८) होऊन जाऊ द्या. जुहूच्या वस्तीतलं लाकडी संडास, थोरला भाऊ बाहेरून कडी घालतो, अमिताभचं हेलिकॉप्टर येतं, धाकटा खालच्या हौदात उडी मारतो आणि नखशिखांत माखून, फोटो वर धरून, सही घेतो. जगभर टाळ्या. आणि वाचलंय की ते शेंगदाण्याचं लोणी आणि चॉकलेट होतं. छान.

मी सार्वजनिक संडासाच्या रांगेत वाढलोय. डबा घेऊन उभं राहायचं, आतल्याने वेळ लावला की दार वाजवायचं, पावसात फळीवर पाय घसरेल म्हणून भिंतीला हात टेकायचा आणि भिंतीला हात लावावासा वाटत नाही म्हणून काढून घ्यायचा. हे सगळं हसण्यासारखं आहे, आम्हीही हसायचो. पण तो पोरगा सही घेऊन आल्यावर त्याला आंघोळ कुणी घातली? पाणी कुठून आणलं? त्या वस्तीत तेवढं पाणी म्हणजे आईची अर्ध्या दिवसाची रांग. सिनेमा तिथे पुढे निघून जातो. उंबरझरांची कसोटी लावली तर बॉयलसाहेब साफ नापास.

मेथीची जुडी

पण तो प्रसंग कथेला बांधलेला आहे ना? पोलीस ठाण्यात तो सांगतोय की पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याला कसं आलं. शिवाय ती सही थोरला भाऊ विकून टाकतो, आणि दोन भावांचं पुढे काय होणार ते तिथेच कळतं.

आणि तो वास्तववाद नाहीच. याच बॉयलने १९९६ मध्ये 'ट्रेनस्पॉटिंग'मध्ये हाच डाव टाकला होता. स्कॉटलंडमधला सगळ्यांत घाणेरडा संडास, नायक अफूच्या गोळ्यांसाठी भांड्यात डोकं घालतो, मग पूर्णच आत जातो आणि खाली निळं स्वच्छ पाणी! नशेत असलेल्याला घाणही समुद्र वाटते. 'स्लमडॉग'मध्ये तेच, फक्त नशा अमिताभची.

गल्ली नंबर चार

एडिंबराच्या त्या नशेबाजाला तो समुद्र स्वतःला दिसतो. आमच्या पोराला काय दिसतं ते कुणी विचारलं? बघणारे लांबून त्याला बघतात, एवढंच. कथेला बांधलंय हे मान्य, बांधणारा कुठे उभा आहे तेही बघा. 'फँड्री'त डुक्कर धरायची धावपळ आहे, तीही शाळेसमोर, तिथेही बघे हसतात. पण तिथे कॅमेरा जब्याच्या बाजूला आहे, आणि शेवटचा दगड हसणाऱ्याच्या अंगावर येतो.

तिखटमीठवाला

हा प्रतिसाद फ्रेम करून लावा कुणीतरी.

पोथीनिष्ठ

तुम्ही सगळे जे आज कानमध्ये शोधताय ते भरतमुनींनी वर्गवारीसकट सांगून ठेवलंय. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात बीभत्स रसाचे प्रकार येतात : रक्त वगैरे पाहून होणारा क्षोभज आणि विष्ठा, किडे यांनी होणारा उद्वेगी. म्हणजे '१२७ अवर्स' पहिल्यात, तुमची यॉट दुसऱ्यात. स्थायीभाव जुगुप्सा. रस म्हटल्यावर तो आस्वादाचा विषय झालाच, टाळायचा नव्हे. मात्र मृत्यू, युद्ध, नगराला वेढा असल्या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवायच्या नाहीत, प्रवेशकातून (दोन अंकांना जोडणाऱ्या छोट्या प्रवेशातून) कळवायच्या, हेही नाट्यशास्त्रातच सांगितलं आहे. किळस चालेल, पण कशाची आणि किती, याचा विवेक हवा.

फिरता पंखा

पोथीनिष्ठ काका, वाक्यावाक्याशी सहमत.

कानसेन_धाकटा

काका, भरतमुनींच्या प्रेक्षकाला नटाच्या नाकपुडीतले केस दिसत नव्हते हो. क्लोजअपने सगळी गणितं बदलली. १९२९ मध्ये बुन्युएल आणि दालीने 'अँ शिएँ आंदालू' या लघुपटात वस्तऱ्याने डोळा चिरला (वासराचा होता), तिथेच तो विवेक रिटायर झाला.

ओली बाकरवडी

मग 'द सब्स्टन्स' (२०२४) वर या. दिग्दर्शिका कोराली फार्जा. कानमध्ये पटकथेचं पारितोषिक, रंगभूषेचं ऑस्कर.

पन्नाशीची टीव्हीवरची बाई, नोकरी जाते, ती एक औषध टोचते आणि तिच्या पाठीतून तरुण प्रत सोलून बाहेर येते. अट एकच : सात दिवस ही, सात दिवस ती. तरुण प्रत वेळ चोरते आणि म्हातारीचं एक बोट वाळून जातं. मग आणखी चोरते, आणखी काही वाळतं. म्हणजे त्या सिनेमातली शरीराची प्रत्येक हानी ही चोरीची नोंद आहे, बँकेच्या पासबुकासारखी. यापेक्षा कथेला चिकटलेली किळस मी पाहिलेली नाही.

आणि गंमत म्हणजे सुया, टाके, पू याने मला एवढं झालं नाही जेवढं डेनिस क्वेडच्या कोळंबी खाण्याने. तो तिला नोकरीवरून काढतोय आणि समोर बसून कोळंब्या सोलतोय, तोंडात कोंबतोय, रस ओघळतोय, कॅमेरा त्याच्या दातांत. त्याचं शरीर कितीही ओंगळ असलं तरी चालतं, तिचं पन्नाशीचं झालं की कचरा. संवादाची गरजच उरत नाही. नंतर डेमी मूर मित्राला भेटायला निघते, आरशासमोर लिपस्टिक लावते, पुसते, परत येते, पुन्हा लावते, शेवटी चेहरा घासून घासून ओरबाडते. रक्त नाही, राक्षस नाही. आमच्या घरी तो प्रसंग मी आणि वहिनीने एक शब्द न बोलता पाहिला, आणि भाऊ म्हणाला, हिला काय झालं, चांगली तर दिसतेय!

उंबरझरा

कोळंबी आणि आरसा यांना शंभर मार्क. पण शेवट? नाट्यगृहात रक्ताचा पाइप सोडल्यासारखं प्रेक्षकांना न्हाऊ घातलंय. पासबुक केव्हाच बंद झालंय तोवर. मला तिथे दिग्दर्शिका स्वतःवरच खूश होताना दिसली.

ओली बाकरवडी

न्हाऊ कुणाला घातलंय ते बघा ना. ज्यांनी तिला असं केलं त्यांनाच. तुमच्या कसोटीने तर हे पहिल्या नंबरात पास : आता पुसा म्हणावं तुम्हीच.

उंबरझरा

वकिली आवडली, शेवट तरी नाही आवडला.

शिबुयाचा शेजारी

उलट बाजूचं उदाहरण मागितलं होतंत. विम वेंडर्सचा 'परफेक्ट डेज', २०२३. नायक तोक्योत सार्वजनिक संडास साफ करतो, पूर्ण सिनेमाभर, आणि एकदाही घाण दिसत नाही. शिबुयातले ते संडास ताडाओ आंदो, शिगेरू बान अशा बड्या वास्तुविशारदांनी बांधलेले आहेत, आणि सिनेमाची कल्पना निघालीच त्या प्रकल्पाला प्रसिद्धी देण्यातून. नायक आरसा लावून भांड्याच्या कडेखालचा भाग तपासतो, आणि तिथे पुसायला फारसं काही नसतंच.

मला सिनेमा आवडतो, कोजी याकुशोसाठी कधीही बघेन. पण इथे राहून सांगतो, शुक्रवारी रात्री शेवटच्या गाडीनंतर स्टेशनजवळच्या संडासात जे असतं ते त्यात नाही. या सिनेमाला थोडी ओकारी लागत होती. एवढं शांत समाधान कशाच्या बदल्यात मिळतंय हे तरी कळलं असतं.

रात्रपाळी

हे पटलं. स्वच्छ दाखवणं हीसुद्धा फसवणूक असू शकते. 'पॅरासाइट' या कोरियन सिनेमात पुराच्या रात्री गरीब कुटुंबाच्या तळघरातल्या संडासातून काळं पाणी उसळतंय आणि मुलगी झाकणावर बसून सिगारेट पेटवते. दुसऱ्या दिवशी मालकीणबाई फोनवर म्हणतेय, पाऊस पडला ते किती बरं झालं. आदल्या रात्रीचं ते पाणी बघितलं नसतं, तर मालकीणबाईचं बोलणं नुसतं हवापाण्याच्या गप्पा वाटलं असतं.

पाऊसवेडी_पुणे

आई-बाबा पुढच्या आठवड्यात येतायत. यातलं काय लावू? 'आमूर' लावायचा विचार आहे, आजीचं सगळं आईनेच केलं होतं.

रात्रपाळी

आईला आधी सांगून विचारा, न सांगता लावू नका. ज्यांनी घरी केलंय त्यांना तो सिनेमा वाटत नाही. बाबांना मात्र नक्की बसवा.

फिरता पंखा

आणि जेवणाआधी लावा. यॉटवाला असेल तर जेवणानंतर तीन तासांनी.

दिवाभीत

यादीत किळसवाण्या दृश्यांसाठी कुप्रसिद्ध असलेला पासोलिनीचा 'सालो' नाही? मग कसली चर्चा!

उंबरझरा

@दिवाभीत, त्यावर वेगळा धागा काढा, तिथे भांडू. पाहिला असेल तरच काढा मात्र.